संगणक म्हातारा झाला म्हणून काय झालं?

दिवाळीच्या सुट्टीत रायपूरला, पुरानी बस्तीतल्या घरी पोहोचलो, तेव्हा आमचा जुना संगणक भंगारवाल्यासाठी ओसरीवर काढून ठेवलेला दिसला. कारण मीच होतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला. विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा सोय आमच्या संगणकात नाही. "आता नवा लॅपटॉपच घ्या," असा हट्ट मी वसतिगृहातून फोनवर धरला होता.

आजीने विचारलं, "अरे, चालतोय ना तो? मग टाकायचा कशाला?"

मला उत्तर सुचेना. एनसीसीत आम्ही ज्या .२२ रायफलीने नेमबाजी शिकतो, ती आमच्याहून वयाने मोठी आहे. उस्ताद आम्हाला ती आधी साफ करायला शिकवतात. मग घरच्या यंत्राला वेगळा न्याय का?

आजोबांचे फोटो आधी पेन ड्राइव्हवर घेतले. मग संगणक उघडून धूळ झाडली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट टाकलं. ते फुकट मिळतं. माझे काही गेम त्यावर चालत नाहीत, हे खरं. पण अभ्यास, पत्रं, फोटो सगळं झटपट होतं.

नवं तंत्रज्ञान मलाही आवडतं. पण गरज कोणती आणि हौस कोणती, हे आधी ओळखावं. दुरुस्ती खरोखरच अशक्य झाली, तर यंत्र भंगारात न टाकता नोंदणीकृत ई-कचरा केंद्रात द्यावं, कारण त्यात शिशासारखे विषारी धातू असतात.

लॅपटॉपचा हट्ट मी मागे घेतला आहे. निदान दहावी होईपर्यंत!