एका ओळीत मावणारे ज्ञान

धर्मग्रामाचा सण असो, उन्हाळी सुट्टीतले बालशिबिर असो की युवक मंडळाचा वार्षिकोत्सव असो, आपल्याकडे एक कार्यक्रम आता जणू अनिवार्य होऊन बसला आहे. तो म्हणजे सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा. घंटी वाजते, प्रश्न सुटतो, पाच सेकंदांत उत्तर येते, परीक्षक हातातल्या कागदाकडे पाहून 'बरोबर' म्हणतात आणि सभागृह टाळ्यांनी दणाणते. मुलांना शतकाशतकांचा इतिहास आणि देशोदेशीचे साहित्य ठाऊक आहे, या समाधानात पालक घरी परततात.

या समाधानाविषयी चार कडू शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. माझा आक्षेप स्पर्धेला नाही, मुलांच्या उत्साहाला तर मुळीच नाही. आक्षेप आहे तो त्यामागील समजुतीला. जे एका ओळीत मावते तेच ज्ञान, आणि ज्याला एकच उत्तर असते तोच प्रश्न, असे आपण न बोलता मुलांना शिकवीत आहोत. या शिक्षणाचे दोन परिणाम होतात. एक तर त्या एका ओळीत पुष्कळदा असत्य शिरते. दुसरे असे की ती ओळ सत्य असली, तरी प्रश्नाने जे दार उघडायचे तेच ती बंद करून टाकते. हा दुसरा परिणाम अधिक घातक आहे.

प्रश्नमंजूषेच्या पुस्तिकांतील एक लाडका प्रश्न पाहू : 'कोणते दोन थोर लेखक एकाच दिवशी मरण पावले?' उत्तर : शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस, २३ एप्रिल १६१६. हे उत्तर देणाऱ्या मुलाला पूर्ण गुण मिळतात. वस्तुतः ते चुकीचे आहे. 'डॉन किहोटे'चा कर्ता सर्व्हान्टिस माद्रिदमध्ये २२ एप्रिलला वारला. २३ एप्रिल हा त्याच्या दफनाचा दिवस. शेक्सपिअर स्ट्रॅटफर्डमध्ये २३ एप्रिलला वारला हे खरे, परंतु ती तारीख इंग्लंडच्या पंचांगातली आहे. त्या दिवशी स्पेनच्या पंचांगात ३ मे उजाडला होता. सर्व्हान्टिसला जाऊन तेव्हा अकरा दिवस झाले होते. युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा जागतिक पुस्तक दिन म्हणून जाहीर केला, तो या तारखेच्या आधारे. ग्रंथांच्या सन्मानासाठी तारीख म्हणून ती शोभून दिसते. पण 'एकाच दिवशी' हे शब्द मात्र खोटे ठरतात.

आता विचारा, एकाच दिवसाला दोन तारखा कशा? येथून खरा इतिहास सुरू होतो, आणि नेमकी येथेच आपली घंटी वाजते.

ज्युलियस सीझरच्या पंचांगात वर्ष ३६५ दिवस ६ तासांचे धरले होते. सूर्याचे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान आहे. अकरा मिनिटे म्हणजे काहीच नाही, असे कोणाला वाटेल. पण साधारण १२८ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. इ. स. ३२५ मध्ये निसीयाची धर्मपरिषद भरली तेव्हा वसंतसंपात २१ मार्चला धरला जाई. सोळाव्या शतकात तो ११ मार्चवर येऊन ठेपला. पुनरुत्थानाच्या सणाची तारीख या संपातावरून ठरते. संपात सरकला की सणही सरकला. तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी लुइजी लिलिओ या इटालियन वैद्याची योजना स्वीकारली. येशूसंघीय गणिती ख्रिस्तोफर क्लाव्हिअस यांनी तिचे विवरण आणि समर्थन केले. १५८२ साली गुरुवार, ४ ऑक्टोबरनंतर शुक्रवार, १५ ऑक्टोबर आला. मधले दहा दिवस पंचांगातून गेले. आविलाची संत तेरेजा त्याच रात्री वारली, म्हणून तिच्या मृत्यूच्या रात्रीला ४ आणि १५ अशा दोन्ही तारखा चिकटल्या आहेत. शतकपूर्तीच्या वर्षांपैकी ज्यांना ४०० ने भाग जातो तीच लीप वर्षे, हा नियमही तेव्हाचा. म्हणून १६०० आणि २००० लीप वर्षे झाली. १७००, १८०० आणि १९०० झाली नाहीत.

स्पेन-पोर्तुगालने ही सुधारणा त्याच वर्षी स्वीकारली. इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत, म्हणजे १७० वर्षे, ती दूर ठेवली. सूर्याशी जुळणारी गणना रोमकडून आली, हेच तिचे वैगुण्य ठरले. रशियात नवे पंचांग १९१८ साली आले. म्हणूनच तेथील 'ऑक्टोबर क्रांती' आपल्या कॅलेंडरप्रमाणे ७ नोव्हेंबर १९१७ रोजी झाली. एका चुकीच्या उत्तरामागे खगोल आहे, गणित आहे, धर्मकारण आहे, राजकारण आहे. हे सारे आपण पाच सेकंदांच्या पलीकडे ढकलून दिले, आणि मुलांच्या पदरात 'शेक्सपिअर आणि सर्व्हान्टिस' एवढे दोन शब्द टाकले.

याच माळेतला दुसरा मणी : 'गॅलिलिओ वारला त्याच वर्षी न्यूटन जन्मला.' जणू एकाने खाली ठेवलेली मशाल दुसऱ्याने उचलली! गॅलिलिओ ८ जानेवारी १६४२ रोजी वारला, ही इटलीची नवी तारीख. न्यूटन २५ डिसेंबर १६४२ रोजी जन्मला, ही इंग्लंडची जुनी तारीख. दोन्ही नव्या गणनेत मांडल्या तर न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ रोजी येतो. दोन्ही जुन्या गणनेत मांडल्या तर गॅलिलिओचा मृत्यू २९ डिसेंबर १६४१ रोजी पडतो. कोणतेही एकच पंचांग प्रामाणिकपणे वापरले तर वर्ष जुळत नाही. दोन मापे मिसळली तरच हा योगायोग उभा राहतो. बाजारात दोन मापे वापरणाऱ्याला आपण काय म्हणतो, हे सांगायला नको.

'पहिला कोण?' या प्रश्नाचे वेड तर विचारूच नका. 'पृथ्वीप्रदक्षिणा पहिल्यांदा कोणी केली?' उत्तर : मॅगेलन. परंतु मॅगेलन २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाईन्समधील माक्तान बेटावर मारला गेला. सुमारे अडीचशे माणसांपैकी 'व्हिक्टोरिया' या एकाच जहाजावरून १८ जण सप्टेंबर १५२२ मध्ये स्पेनला परतले, आणि त्यांचा नायक होता हुआन सेबास्तियान एल्कानो. 'छपाईचा शोध कोणी लावला?' उत्तर : गुटेनबर्ग. मग चीनमध्ये ८६८ साली लाकडी ठशांनी छापलेले 'वज्रसूत्र' कोठे ठेवायचे? अकराव्या शतकात तेथे बी शेंगने केलेले मातीचे सुटे टाइप कोठे ठेवायचे? कोरियात १३७७ साली धातूच्या टाइपांनी छापलेला 'जिकजी' हा बौद्ध ग्रंथ कोठे ठेवायचा? १४५५ च्या सुमारास बायबल छापणाऱ्या गुटेनबर्गचे थोरपण याने उणे होत नाही. फक्त 'शोध' हा शब्द किती जपून वापरावा लागतो, ते कळते.

आपल्या भाषेतही हेच. 'मराठीतील पहिला छापील ग्रंथ कोणता?' भाषा पाहायची की लिपी? लिपी पाहिली तर १८०५ साली सेरामपूरला निघालेल्या विल्यम केरींच्या मराठी व्याकरणाकडे जावे लागते. भाषा पाहिली तर त्याच्याही जवळजवळ दोन शतके मागे, रोमन लिपीत छापलेल्या 'क्रिस्तपुराणा'कडे. 'ख्रिस्तायन कोणी लिहिले?' उत्तर : रेव्हरंड टिळक. परंतु टिळक १९१९ साली ते अपुरे ठेवून निवर्तले आणि त्यातील बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंच्या हातचे आहेत. लग्नानंतर अक्षरओळख झालेल्या त्या बाईचे एवढे श्रम एका ओळीच्या उत्तरात पुसले जातात, आणि पुसणाऱ्याला गुण मिळतात.

काही चुका मात्र निरुपद्रवी नसतात. 'पृथ्वी गोल आहे हे कोणी सिद्ध केले?' उत्तर : कोलंबस. या उत्तराच्या पोटात एक आरोप दडलेला आहे. मध्ययुगातील ख्रिस्तसभा पृथ्वी सपाट मानीत होती आणि एका धाडसी नाविकाने तिचे डोळे उघडले, असा तो आरोप. वास्तविक पृथ्वीचा परीघ ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिसने मोजला होता. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'च्या अगदी पहिल्या प्रकरणात पृथ्वीचा गोलपणा सर्वमान्य गोष्ट म्हणून उदाहरणादाखल घेतला आहे. कोलंबसला विरोध करणारे विद्वान पृथ्वी सपाट मानत नव्हते. त्यांचे म्हणणे असे होते की कोलंबसाने अंतर फार कमी धरले आहे, आणि या बाबतीत ते बरोबर होते. वाटेत अमेरिका आडवी आली नसती तर तो कधीच परतला नसता. ही सपाट पृथ्वीची कथा घरोघर पोहोचवण्यात वॉशिंग्टन आयर्विंग या कथाकाराच्या १८२८ सालच्या कोलंबसचरित्राचा मोठा वाटा आहे. ख्रिस्तसभेच्या इतिहासात लपवू नयेत अशा चुका आहेत. गॅलिलिओचा खटला त्यांपैकीच. पण झालेल्या चुकांची कबुली देणे वेगळे आणि न झालेली चूक आपल्याच मुलांकडून व्यासपीठावर वदवून घेणे वेगळे. सत्य दोन्हीकडे सारखेच लागते.

आता पुन्हा १६१६ कडे येऊ. कारण ज्या वर्षी स्ट्रॅटफर्ड आणि माद्रिद येथे दोन लेखण्या कायमच्या थांबल्या, त्याच वर्षी गोव्यात रायतूरच्या छापखान्यातून 'क्रिस्तपुराण' बाहेर पडले. त्याचा कर्ता थॉमस स्टीफन्स शेक्सपिअरच्याच इंग्लंडचा, आणि वयाने त्याच्याहून वडील. १५७९ साली तो गोव्यात उतरला आणि परत गेला नाही. त्याची जन्मभूमी जुन्या पंचांगावर चालत होती, कर्मभूमी नव्या. त्याने जवळजवळ ११,००० ओव्या मराठीत रचल्या.

आपल्या मुलांना 'क्रिस्तपुराण कोणी लिहिले?' हे विचारा. शंभरातील बरीच उत्तर देतील. 'त्यातील एक ओवी म्हणा' असे म्हणा, आणि सभागृह किती शांत होते ते पाहा. ग्रंथाचे नाव, कर्त्याचे नाव आणि साल हा तर पुठ्ठा झाला. पुठ्ठा पाठ करून ग्रंथ वाचल्याचे बक्षीस आपण देत आहोत.

आणि प्रश्न तरी किती आहेत! इंग्रज माणसाने ओवी का निवडली? जुनी पुराणे हातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांना त्यांच्या जागी काही हवे होते, ही निकड ग्रंथातच नोंदलेली आहे. ती पुराणे हातून गेली कशी? १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघूनही त्यांपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात का नसावी? ज्या सत्तेच्या छत्राखाली हा ग्रंथ छापला गेला, त्याच सत्तेने १६८४ साली लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम का काढला? तरीही हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरला जोसेफ साल्ढाणा हा ग्रंथ पुन्हा छापू शकले आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत आणला. मधली अडीचशे वर्षे तो कोणाच्या कंठात, कोणाच्या पेटीत राहिला? या प्रश्नांत आपली भाषा, आपली श्रद्धा आणि आपली अडचणीची स्मृती, तिन्ही गुंतलेली आहेत. पाच सेकंदांत यांचे उत्तर येणार नाही, येऊही नये.

यावर काही जण म्हणतील, 'स्पर्धा परीक्षांत असलेच प्रश्न येतात, मुलांनी काय करावे?' परीक्षेसाठी पाठ करावे, अवश्य करावे. पण धर्मग्रामाचे सभागृह म्हणजे शिकवणीचा वर्ग नव्हे. दुसरे म्हणतील, 'काहीच नसण्यापेक्षा एवढे तरी बरे.' हा युक्तिवाद मला पटत नाही. ज्याला काही ठाऊक नाही तो विचारतो. ज्याला एक ओळ ठाऊक आहे तो विचारायचे थांबतो. शिवाय ती एक ओळ आज प्रत्येकाच्या खिशातला फोन क्षणात दाखवतो. यंत्र जे क्षणात करते त्यात मुलांना यंत्राशी शर्यत लावण्यात कसले शिक्षण?

म्हणून माझे मागणे साधे आहे. पन्नास प्रश्नांऐवजी दहाच प्रश्न ठेवा. प्रश्न काढणाऱ्याने प्रत्येक उत्तरापुढे ते कोठून घेतले हे लिहून आणावे. आधार नसेल तो प्रश्न वगळावा. अचूक नावाला एक गुण द्या, आणि 'हे आपल्याला कसे कळले?' याच्या उत्तराला चार. परीक्षकाचे उत्तर सप्रमाण खोडून काढणाऱ्या मुलाला त्या दिवसाचे सर्वांत मोठे बक्षीस द्या. आणि सुरुवातीला, घंटी वाजण्यापूर्वी, देवनागरीतील क्रिस्तपुराणाची प्रत टेबलावर ठेवून कोणाकडून तरी वीस ओव्या मोठ्याने वाचून घ्या. मुले अडखळतील. अवघड शब्दांचे अर्थ विचारतील, आणि आपल्यालाही ते सांगता येणार नाहीत. मग घरी जाऊन शब्दकोश उघडावा लागेल. येत्या सणाच्या कार्यक्रमपत्रिका अजून छापायच्या आहेत. तेवढा बदल त्यात सहज मावेल.