पेठेचा चेंडू आणि देशीपणाचा प्रश्न

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. आम्ही वाशीमकर मराठीचे प्राध्यापक ही गोष्ट वर्गात अभिमानाने सांगतो आणि तिथेच थांबतो. त्या विवाहाआधीचा प्रवास मात्र अधिक विचारार्ह आहे. काव्यपुरुष प्रदेशाप्रदेशांतून हिंडतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते, आणि प्रत्येक ठिकाणचा वेष, तिथले नर्तन व तिथली वाणी यांतून त्या प्रदेशाची प्रवृत्ती, वृत्ती आणि रीती सिद्ध होते. प्रदेशाची ओळख केवळ शब्दांत नसते, ती अंगावरच्या वस्त्रात आणि पावलांच्या हालचालीतही असते, हे राजशेखराला ठाऊक होते. आमच्या समीक्षेने मात्र रीती तेवढी उचलली आणि बाकीचे दोन पदार्थ पानावरच ठेवून दिले.

हे आठवण्याचे निमित्त कोल्हापूरचा फुटबॉल. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात नाक खुपसावे काय, अशी शंका काहींना येईल. पण नुसती संघांची नावे वाचावीत : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ. तालीम हा शब्द कुस्तीचा. तांबड्या मातीच्या हौद्याचा. शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे कुस्ती मैदान उभारले त्या शहरात मल्लविद्येच्या याच संस्थांनी एक परका खेळ आपल्या अंगणात घेतला. ज्या तालमीचा गणपती, तिचाच फुटबॉल संघ. सामना पाहायला शाहू स्टेडियमवर जाणारा माणूस संघाची निवड करून जात नाही. तो ज्या गल्लीत वाढला तिने ती आधीच केलेली असते. संघाच्या रंगाचा शर्ट ही त्याची प्रवृत्ती, खेळण्याची धाटणी ही वृत्ती, आणि गॅलरीतून उठणाऱ्या घोषणा ही रीती. राजशेखराची क्षमा मागून मी हे म्हणतो.

एक गोष्ट मात्र खटकते. कुस्तीने मराठीला शड्डू, डाव, पेच, चितपट, आखाडा असे केवढे शब्दधन दिले! आनंद यादवांच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीचे ‘झोंबी’ हे नावही झटापटीचेच. कित्येक पिढ्या खेळल्या गेलेल्या फुटबॉलने मात्र मराठी साहित्याला एकही रूपक दिल्याचे मला आठवत नाही. दोष खेळाचा नसावा. लिहिणारा वर्ग त्या गॅलरीत बसला नाही, आणि गॅलरीतला माणूस लिहिता झाला तेव्हा त्याला हा विषय साहित्याचा वाटला नाही, असे माझे मत आहे.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना १९४० सालची. योगायोग असा की त्याच वर्षी स्पेनच्या बास्क प्रांतात एइबार या गावी दोन संघ एकत्र येऊन एक क्लब निघाला. बंदुका घडवणाऱ्या कारागिरांचे हे गाव. १९३१ साली स्पेनमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा सर्वांत आधी इथे झाली आणि यादवी युद्धात १९३७ साली त्यावर बॉम्ब पडले. जेमतेम सत्तावीस हजार वस्तीच्या या गावाचा संघ २०१४ साली स्पेनच्या पहिल्या श्रेणीत जाण्यास पात्र ठरला. पण नियमाप्रमाणे क्लबचे भांडवल वाढवल्याशिवाय प्रवेश नव्हता. कर्ज नसलेल्या क्लबला, श्रीमंत नाही म्हणून, दाराबाहेर ठेवण्याचा हा प्रकार होता. क्लबने भागविक्री काढली, कुणा एका धनिकाच्या हाती सूत्रे जाऊ नयेत म्हणून मर्यादा घातली, आणि देशोदेशींच्या हजारो लोकांनी थोडेथोडे पैसे घातले. आपल्या भाषेत याला वर्गणी म्हणतात! पुढे सात हंगाम, २०२१ पर्यंत, तो संघ पहिल्या श्रेणीत टिकला.

वर्गणीवर उभ्या राहिलेल्या संस्थेचा खेळाडू कोण, हा प्रश्न मग अटळ होतो. गेल्या काही वर्षांत कोल्हापूरच्या तालमींकडून नायजेरियन खेळाडूही खेळले. त्यावर ‘पेठेचा संघ मग पेठेचा कसा?’ हा आक्षेप येणे स्वाभाविकच होते. बिल्बाओचा अ‍ॅथलेटिक क्लब शतकाहून अधिक काळ फक्त बास्क खेळाडू घेत आला आहे. शेजारच्या रेआल सोसिएदादने मात्र तो निर्बंध १९८९ साली सोडला. आपल्याकडे नेमाड्यांच्या देशीवादावर वाद घालणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर तपासावे. बिल्बाओच्या आजच्या नामवंत खेळाडूंपैकी इन्याकी विल्यम्स हा घानाहून आलेल्या आईबापांचा मुलगा. पण जन्म बिल्बाओचा आणि घडण त्याच परिसरातली. म्हणजे ‘आपला’ ठरण्यासाठी रक्त लागत नाही, घडण लागते. मला हा निकष मान्य आहे. कादंबरीही बाहेरूनच आली. ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे, आणि ‘कोसला’ येईपर्यंत शंभरावर वर्षे त्या प्रकाराची घडण इथेच झाली. फुटबॉल इंग्रजांचा म्हणून परका मानायचा, तर कादंबरीचे काय करायचे? एका हंगामापुरता करारावर आणलेला गडी आणि तालमीच्या पोरांत राहून शिकलेला गडी यांत फरक करावा, आणि तो फरक कातडीच्या रंगाशी जोडू नये, एवढेच.

या निष्ठेची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. समर्थकांच्या हाणामाऱ्यांनी सामने थांबले आहेत, मैदानावर पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला आहे. पेठेवरचे प्रेम शेजारच्या पेठेच्या द्वेषात किती सहज उतरते, हे तिथे दिसते. प्रादेशिकतेचे गोडवे गाणाऱ्या आम्हा समीक्षकांनी तीही गॅलरी पाहिली पाहिजे.

लोकसाहित्यावर प्रबंध लिहिणारे विद्यार्थी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला खेडोपाडी जातात, जावेच. पण तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या माजी गोलरक्षकाकडे ध्वनिमुद्रक घेऊन कोण जाणार? जुनी छायाचित्रे, वर्गणीच्या वह्या, घोषणांचे पाठभेद, खेळाडूंना पडलेली टोपणनावे : हे सारे अजून लोकांच्या घरांत आणि तोंडी आहे. शिवाजी विद्यापीठ तर त्याच शहरात आहे.