मागे राहिलेल्यांचे घर : दोन युद्धपट आणि आपली समीक्षा

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची कथा महाराष्ट्रात शाळकरी वयातच कानावर पडते. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातील सोलापूरचा हा तरुण जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करीत तिकडेच राहिला, १९४१ मध्ये गुओ छिंगलान या परिचारिकेशी विवाहबद्ध झाला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२ व्या वर्षी, निवर्तला. एवढा तपशील आपणा सर्वांना पाठ असतो. या कथेतील सोलापूरच्या घराविषयी मात्र आपण फारसे विचारीत नाही. वडिलांच्या निधनाची वार्ता कोटणीसांना चीनमध्ये असतानाच मिळाली आणि ते परतले नाहीत. चरित्रात या घटनेला एक वाक्य मिळते. तेही नायकाच्या ध्येयनिष्ठेचा पुरावा म्हणून. त्या वाक्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या माणसांचे काय झाले, हा वाङ्मयाचा प्रश्न आहे, असे मला वाटते.

व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून काढला. भाषा हिंदी असली तरी त्यामागची कौटुंबिक जाण अस्सल मराठी आहे. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, तर छिंगलानची जयश्रीबाईंनी. चित्रपट संपता संपता मृत्युशय्येवरील नायक पत्नीला आपल्या घराचे वर्णन करून सांगतो आणि त्या शब्दांच्या आधाराने पडद्यावर ती त्या घरी पोचलेली दिसते. शांतारामांच्या दिग्दर्शनातील हा एक अत्यंत प्रभावी प्रसंग होय. आणि नेमका याच प्रसंगी चित्रपट आपल्या विषयाला बगल देतो, हे माझे मत त्यांच्या चाहत्यांना रुचणार नाही. कर्ता मुलगा गमावलेल्या घरावरचा सारा ताण सुनेच्या गृहप्रवेशाने मिटवला जातो. मुलगा गेला, परंतु सून आली; हिशेब पुरा झाला. प्रत्यक्षात छिंगलान चीनमध्येच राहिल्या. पुढे त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीस कुटुंबीयांना भेटल्या. मुलाचे नाव यिनहुआ; ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. दोन देशांचे नाव वागविणारा हा मुलगा १९६७ साली ऐन तारुण्यात गेला. छिंगलान २०१२ पर्यंत हयात होत्या. एवढे दीर्घ, गुंतागुंतीचे नाते ‘मैत्रीचे प्रतीक’ या दोन शब्दांत मावत नाही.

याच युद्धावर अवघ्या एका वर्षाने, १९४७ मध्ये, शांघायमध्ये दोन भागांचा एक चित्रपट निघाला. त्साय छूशंग आणि जंग ज्युन्ली हे त्याचे दिग्दर्शक. ‘वसंतातली नदी पूर्वेकडे वाहते’ असा त्याच्या नावाचा अर्थ सांगता येईल. ते नाव दहाव्या शतकातील ली यू या राजकवीच्या रचनेतून घेतलेले आहे. योगायोग असा की, येथील नायक जोंगल्यांग हाही युद्ध सुरू होताच वैद्यकीय पथकाबरोबर घर सोडतो. मागे म्हातारे आईबाप, पत्नी सूफन आणि तान्हा मुलगा. कॅमेरा त्याच्याबरोबर जातो, पण पुनःपुन्हा या घराकडे परततो. बापाला जपानी सैनिक फासावर चढवितात. सासू-सून नातवाला घेऊन उपासमारीत दिवस ढकलतात. नायक मात्र चोंगचिंगला पोचून एका धनिक स्त्रीच्या आश्रयाने सुखवस्तू होतो व तिच्याशी लग्न करतो. युद्ध संपल्यावर सूफन ज्या घरी मोलकरीण म्हणून राबते, त्याच घरी आपला नवरा पाहुणा म्हणून आलेला तिला दिसतो. ती नदीत जीव देते. शेवटी नदीकाठी उरतात ती म्हातारी आई आणि नातू.

कोटणीसांची आणि जोंगल्यांगची नैतिक तुलना करणे हास्यास्पद ठरेल. एक प्राण देतो, दुसरा वचन मोडतो. माझा मुद्दा कथनाच्या दृष्टिकोणाचा आहे. परदेशी केलेले लग्न आपल्या चित्रपटात गौरवाचा क्षण ठरते. परमुलखात केलेल्या लग्नाची किंमत कोणी मोजली, हे चिनी चित्रपट घरात थांबून पाहतो. त्यात योगायोगांची रेलचेल आहे, अश्रूही भरपूर आहेत. ‘माहेरची साडी’ (१९९१) पाहून नाक मुरडणारे आपले समीक्षक त्यालाही ‘रडका’ म्हणतील. म्हणोत बापडे. परंतु आईने मुलाला भर समाजात जाब विचारावा, एवढी जागा त्या रडकेपणानेच मिळवून दिली आहे. पुढे ही दृष्टी संयतही झाली. जांग यीमोऊ यांच्या २०१४ च्या ‘कमिंग होम’मध्ये राजकीय कैदेतून सुटलेला नवरा शेजारी उभा असतानाही स्मृती हरवलेली पत्नी त्याचीच वाट पाहत स्थानकावर उभी राहते.

आपल्याकडे मागे राहिलेल्यांचा आवाज मुळी नव्हताच असे नाही. जात्यावरच्या ओव्यांत तो भरभरून आहे. मात्र लिखित आणि दृश्य वाङ्मयात शब्द बहुधा निघून गेलेल्याकडेच आला. अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ घ्या : ती गावी राहिलेली, बोलतो मात्र मुंबईला आलेला. जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ने (१९८२) जाणारी व्यक्ती स्त्री केली, हे त्याचे मोठेच धाडस. परतलेल्या सुलभाला नवऱ्याच्या नव्या संबंधाला सामोरे जावे लागते आणि ती पुन्हा घराबाहेर पडते. तरीही तिच्या मुलीची मधली वर्षे आपल्याला दिसत नाहीत. विजय तेंडुलकरांच्या पटकथेचा गौरव करताना या रिकाम्या जागेची चर्चा व्हावयास हवी होती.

हा प्रश्न मला केवळ सैद्धांतिक वाटत नाही, याला कारण आमचा परिसर आहे. पावणे हे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले गाव. कारखान्यांसाठी जमिनी गेलेली स्थानिक आगरी घरे एकीकडे आणि त्याच कारखान्यांत कामाला घाटावरून, कोकणातून आलेली कुटुंबे दुसरीकडे. अशा वस्तीतल्या मुलांना कोटणीस शिकविताना त्यांची जिज्ञासा यनानपाशी थांबत नाही. घरी पैसे कोण पाठवीत होते, आईला कोणी कळविले, असे ती विचारतात. या प्रश्नांना अभ्यासक्रमात उत्तर नाही आणि आदर्श चरित्राच्या साच्यात ते बसतही नाहीत.

कोटणीसांचे बंधू मंगेश कोटणीस यांनी लिहिलेले इंग्रजी चरित्र उपलब्ध आहे. घरातूनच लिहिले गेलेले हे चरित्र, शांतारामांचा चित्रपट आणि १९४७ चा शांघायचा चित्रपट ही तीन संहिता एम. ए.च्या तौलनिक साहित्याच्या तासाला शेजारी शेजारी ठेवून वाचता येतील. त्यासाठी चिनी भाषा येण्याची अट नाही. उपशीर्षके पुरेशी आहेत. सुरुवात वडिलांच्या निधनाच्या त्या एका वाक्यापासून करावी.