पायाची वीट

अलीकडे आमच्या वाचकांच्या घरोघरीं एखादा मुलगा, मुलगी किंवा सून संकेतस्थळें रचण्याच्या उद्योगांत असल्याचें आढळतें. वडील मंडळींस त्या उद्योगाचें कौतुक असतें. पण आंत काय चालतें हें विचारावें कसें, असा संकोचहि असतो. तो संकोच दूर व्हावा आणि नवशिक्या तरुणांसहि दोन गोष्टी उपयोगी पडाव्या, या हेतूनें संकेतस्थळाच्या दर्शनी बाजूची, म्हणजे 'फ्रंटएंड'ची, पहिली मांडामांड कशी करावी याचा विचार आम्ही या महिन्यांत करणार आहों.

टिम बर्नर्स-ली यांनीं १९९१ सालीं जगासमोर ठेवलेलें पहिलें संकेतस्थळ साध्या मजकुराचें होतें. चार पानांची माहिती आजहि तशीच देतां येते, आणि तशीच द्यावी. परंतु जेथें पृष्ठ वाचकाच्या बोटासरशी बदलावयाचें असतें, तेथें रिॲक्टसारखें साधन, टाइपस्क्रिप्टसारखी काटेकोर भाषा आणि हें सारें ब्राउझरास समजेल अशा रूपांत आणून देणारी यंत्रणा लागते. हीं सर्व एकमेकांशीं जुळवण्यांत नवशिक्याचे दिवसच्या दिवस जातात. म्हणून जाणत्या मंडळींनीं आधींच जुळवून ठेवलेला सांचा घेण्याची वहिवाट पडली आहे. त्यालाच 'स्टार्टर टेम्प्लेट' म्हणतात.

असा सांचा देणारें सध्यां पुष्कळ प्रचारांत असलेलें साधन म्हणजे एव्हान यू यांनीं २०२० सालीं आणलेलें 'वीट' होय. हा मूळचा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ 'त्वरित' असा आहे. परंतु मराठी कानाला त्यांत पायाचीच वीट ऐकूं यावी, हा मौजेचा योगायोग! संगणकावर नोड बसवून 'एनपीएम क्रिएट वीट' ही आज्ञा दिली, कीं प्रकल्पाचें नांव काय, तो कोणत्या साधनावर उभारावयाचा, असे थोडे प्रश्न येतात, आणि क्षणार्धांत एक छोटेखानी बिऱ्हाड थाटून मिळतें.

आमचें सांगणें येथून पुढचें आहे. आयतें बिऱ्हाड मिळालें तरी सुज्ञ गृहिणी फडताळांत काय आहे हें पाहिल्यावांचून चूल पेटवीत नाहीं. येथेंहि तसेंच करावें.

'इंडेक्स डॉट एचटीएमएल' ही फाईल म्हणजे घराचा उंबरठा. तिच्या आरंभींच पृष्ठाची भाषा इंग्रजी असल्याचें नमूद असतें. आपलें पृष्ठ मराठी असून ती नोंद तशीच राहिली, तर दृष्टिहीन वाचकास पृष्ठ वाचून दाखविणारा यांत्रिक आवाज मराठी मजकुराची इंग्रजी थाटांत मोडतोड करण्याचा संभव असतो. 'ईएन'च्या जागीं 'एमआर' घातलें कीं काम झालें. पण फाईल उघडलीच नाहीं, तर तें घालणार कोण?

'पॅकेज डॉट जेसन' ही बाहेरून काय आणावयाचें याची यादी, आणि 'पॅकेज-लॉक डॉट जेसन' ही प्रत्यक्ष काय आलें याची खातेवही; ही दुसरी सोय एनपीएमनें २०१७ सालीं केली. यादींत 'अमुक आवृत्ति किंवा तिच्या पुढील जुळणारी' अशी मोकळीक असते. खातेवहींत ती नसते. म्हणून ही वही गिटमध्यें अवश्य जतन करावी, व दुसऱ्या संगणकावर मांडणी करतांना 'एनपीएम सीआय' ही आज्ञा द्यावी. म्हणजे सर्वांकडे तेंच सामान येतें. 'नोड मॉड्यूल्स' हें अगडबंब फोल्डर मात्र गिटमध्यें घालूं नये. वहीवरून तें केव्हांहि पुन्हां भरतां येतें.

ही काळजी अवाजवी नव्हे. मार्च २०१६ मध्यें 'लेफ्ट-पॅड' नांवाचें अवघ्या ११ ओळींचें पॅकेज त्याच्या कर्त्यानें काढून घेतलें, आणि देशोदेशींच्या मोठमोठ्या प्रकल्पांचें काम अडलें. सप्टेंबर २०२५ मध्यें 'चॉक', 'डीबग' इत्यादि बहुप्रचलित पॅकेजें सांभाळणाऱ्या गृहस्थास बनावट पत्रानें फसवून त्यांत घातक मजकूर घुसविण्यांत आला. जे आपल्या खातेवहीबरहुकूम जुन्या आवृत्तीवरच राहिले, त्यांच्या घरांत तो आपोआप शिरला नाहीं.

'डॉट ईएनव्ही' या फाईलविषयीं विशेष सावध असावें. तींत ज्या नांवाच्या आरंभीं 'वीट' व अधोरेषा असते, तें मूल्य कामांत घेतलें कीं थेट वाचकाच्या ब्राउझरांत पोंचतें. तेथें गुप्त किल्ली ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली ओसरीवर टांगणें होय.

राहतां राहिली एकोप्याची गोष्ट. कोणतें भांडें कोठें ठेवावें हें एकदां ठरलें, कीं एकत्र कुटुंबांतील निम्मी कुरबूर मिटते. अनेक हातांनीं लिहावयाच्या कामांत संशयास्पद ओळी दाखविण्यास 'ईएसलिंट' आणि लेखनाची ठेवण एकसारखी राखण्यास 'प्रेटिअर' हीं साधनें पहिल्याच दिवशीं लावावीं. शंभर फाइली झाल्यावर नियम लावूं गेल्यास प्रत्येक ओळीवर तंटा उभा राहतो.

मात्र सांचा चिरंजीव असतो, असें कोणीं समजूं नये. २०१६ सालीं फेसबुकनें दिलेल्या 'क्रिएट रिॲक्ट ॲप'वर अनेक तरुणांनीं पहिले धडे गिरविले. त्यानें बांधणीची सारी यंत्रणा पडद्याआड ठेविली होती. फेब्रुवारी २०२५ मध्यें रिॲक्टच्या चालकांनींच नव्या कामास तो घेऊं नये असें जाहीर केलें. पडद्याआड डोकावून पाहिलेल्यांस दुसरीकडे बिऱ्हाड हलविणें सोपें होतें. ज्यांस केवळ आज्ञा मुखोद्गत होती, त्यांस पुन्हां श्रीगणेशा करणें भाग होतें.

म्हणून तरुणांस आमचें सांगणें इतकेंच कीं, सांचा खुशाल घ्यावा. परंतु पहिल्या दिवशीं नवी ओळ लिहूं नये. एकेक फाईल उघडावी, तिचें काम समजून घ्यावें, आणि जिचें प्रयोजन नाहीं ती काढून टाकावी. वडील मंडळींस तांत्रिक ज्ञान नसलें तरी चालेल. रात्रीं पानावर बसल्यावर त्यांनीं सहज विचारावें, "आज जें मांडलेंस, त्यांतलें कोणतें काय करतें, तें आम्हांला सांग पाहूं." घरच्या माणसांना साध्या मराठींत समजावून सांगतां आलें, म्हणजे पाया भरला असें समजावें.