डागी थान आणि दुधाची किटली

आम्हा कापडवाल्यांना थानात डाग असेल तर तो गिऱ्हाइकाला उलगडून दाखवावा लागतो. झाकून विकला तर ती कमाई हलाल राहत नाही. मग तबेल्यातील दुधाला वेगळा न्याय का?

म्हशीला दगडी झाली, कास सुजली की सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडतात. पुष्कळदा डॉक्टरला न विचारताच. दोन दिवसांत सूज उतरली की औषध बंद आणि दूध किटलीत! अर्धवट औषधाने सगळे जंतू मरत नाहीत; उरलेले निर्ढावतात. दुधात उतरलेले औषध उकळूनही पुरते जात नाही. अशा दुधाला विरजण धड लागत नाही, हे दहीवाले जाणतात. औषधानंतर किती दिवस दूध विकू नये हे वेष्टनावर छापण्याचा नियम २०१२ पासून आहे. मुदत ठरलेली नसेल तर किमान ७ दिवस.

पण नुसत्या नसीहतीने हे सुटणार नाही. म्हैस रोज ८ लिटर देते असे धरा. ७ दिवसांत ५६ लिटर ओतून द्यायचे. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्याला ते झेपत नाही, म्हणून तो गप्प राहतो. माझ्या मते मिठाईवाल्या व डेअरीवाल्या बांधवांनी आपल्या नेहमीच्या गवळ्याचा निम्मा तोटा सोसावा, म्हणजे तो खरे सांगेल.

दगडी टाळण्याचा खर्च तर किरकोळ आहे. गोठा कोरडा ठेवावा, धारेपूर्वी हात व कास धुवावी. धार काढल्यावर लगेच वैरण टाकावी. जनावर अर्धा तास उभे राहते आणि सडाचे उघडे तोंड शेणात टेकत नाही.