वयाची सवलत नको, गाणं कसं झालंय ते सांगा

२०२३ मध्ये मिक जॅगर ८० वर्षांचा झाला. कीथ रिचर्ड्सला त्याच वर्षी १८ डिसेंबरला ८० पूर्ण झाली. रॉनी वूड त्यांच्यात धाकटा, तेव्हा ७६ चा. आपल्या एसटीत पंचाहत्तरीनंतर तिकीट लागत नाही. आधार कार्ड असतं तर रोलिंग स्टोन्स हा अख्खा बँड स्वारगेटहून साताऱ्याला फुकट गेला असता.

तर या तिघांचा एक अल्बम २० ऑक्टोबर २०२३ ला आला. नाव ‘हॅकनी डायमंड्स’. हॅकनी हा लंडनच्या पूर्वेकडचा भाग. चोरानं काच फोडली की रस्त्यावर जे तुकडे चमकतात, त्यांना तिकडच्या बोलीत हे नाव आहे. स्वतः लिहिलेल्या गाण्यांचा त्यांचा याआधीचा अल्बम २००५ चा. मध्ये २०१६ ला एक आला होता, पण तो सगळा जुन्या ब्लूज गाण्यांचा. म्हणजे १८ वर्षांनी नवं काहीतरी. दसऱ्याच्या सुट्टीत मी तो सलग तीनदा ऐकला आणि नंतर लोक काय म्हणतायत ते वाचत बसलो. जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात एकच गोष्ट होती. "या वयात काय एनर्जी आहे!" "ऐंशीव्या वर्षी असं गाणं म्हणजे कमालच!"

खरं सांगतो, मीही पहिल्या दिवशी स्टेटसला हेच टाकलं होतं. नंतर काढून टाकलं. त्याला कारण आमचे बाबा.

बाबा ७८ चे. नोकरी रेल्वेत झाली, पण जीव सगळा पेटीत. रिटायर झाल्यापासून आसपासच्या भजनी मंडळांच्या पेट्या दुरुस्त करतात. भाता फाटलेला असतो, पट्टी अडकलेली असते, एखादा सूर बोलतच नाही. आमच्या घरात यावरून नेहमी कुरबुर. डोळ्यांना ताण, पाठीला रग, मिळकत जवळपास शून्य. "बाबा, पुरे आता, आराम करा" हे मीच शंभरदा म्हटलंय. गेल्या आठवड्यात कोजागिरीच्या भजनासाठी एक पेटी तयार करून त्यांनी माझ्यासमोर ठेवली. मी मोबाइलमधून मान वर करून म्हणालो, "वा! या वयातही काय काम करता हो तुम्ही!"

त्यांनी चष्मा काढला. "वय सोड रे. सुरात आहे का ते सांग."

आणि मी गप्प. कारण मी ऐकलंच नव्हतं. कौतुक मात्र करून मोकळा झालो होतो.

म्हणून आता या अल्बमबद्दल वय बाजूला ठेवून लिहितो.

आधी जे नाही आवडलं ते. पहिलंच गाणं ‘अँग्री’. रिफ फक्कड आहे, पण पुढचं सगळं जुळवून आणल्यासारखं वाटतं. प्रेयसी का चिडली, आपण कुठे चुकलो, या विषयाला ऐंशीच्या माणसाकडून काही नवं ऐकायला मिळेल असं वाटलं होतं, ते मिळत नाही. निर्माता अँड्र्यू वॉट हा १९९० साली जन्मलेला. त्यानं यांना कामाला लावलं हे त्याचं मोठं श्रेय. पण आवाज इतका घासूनपुसून लखलखीत केलाय की स्टोन्सचा जो एक ढिसाळ, मळकट, आता पडेल की मग पडेल असा ठेका असतो, तो बऱ्याच ठिकाणी हरवलाय. पॉल मॅकार्टनी एका गाण्यात बास वाजवतो, एल्टन जॉन पियानोवर येतो. पाहुणे तगडे आहेत, पण दोन-तीन गाणी अशी आहेत की पाहुणे उठून गेल्यावर घरात काही उरत नाही.

आता जे आवडलं ते. ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ सात मिनिटांच्या वर चालतं. लेडी गागा आणि जॅगर एकमेकांना वर वर ढकलत नेतात, स्टीव्ही वंडर कीबोर्डवर. मध्ये गाणं संपतं. आपल्याला वाटतं झालं, टाळ्या वाजवायच्या. तेवढ्यात ते हळूच परत उठतं. हे गाणं तिशीतल्या कुणी केलं असतं तरी मी असाच थांबून ऐकलं असतं. कीथनं गायलेलं ‘टेल मी स्ट्रेट’ छोटंसं आहे, पण अल्बममधलं सगळ्यात प्रामाणिक. बोटांना संधिवात आहे आणि त्यामुळे वाजवण्याची पद्धत बदलावी लागली, हे त्यानं स्वतःच सांगितलंय. ते ऐकू येतं. सूर कमी झालेत, आणि उरलेत ते नेमके आहेत.

मग चार्ली. चार्ली वॉट्स १९६३ पासून या बँडचा ड्रमर. ऑगस्ट २०२१ मध्ये गेला. आजारपणात आपल्या जागी मित्र स्टीव्ह जॉर्डननं बसावं हे त्यानंच सांगून ठेवलं होतं, आणि अल्बमभर जॉर्डनच आहे. उत्तम वाजवतो, जोरकस वाजवतो. पण दोन गाण्यांत चार्लीनं आधी करून ठेवलेलं काम वापरलंय. त्यातल्या ‘लिव्ह बाय द सोर्ड’मध्ये तर १९९३ साली बँड सोडलेला बिल वायमन बासवर परत आलाय. तिथे ठेका किंचित मागे रेलतो आणि गाणं आपोआप चालायला लागतं. हातात यादी नसती तरी मी ओळखलं असतं. दोन गाणी त्याची आणि बाकीची त्याच्या शिवाय, हा फरक बँडनं लपवलेला नाही. माणूस गेला, त्याची जागा रिकामी दिसते, आणि काम चालू आहे. मला यात रडारड न करता वाहिलेली श्रद्धांजली दिसली.

या सगळ्यात ‘या वयात’ हे शब्द कुठे लागले का? नाही ना? मग आपण ते सारखे का वापरतो?

मला वाटतं, आपल्याकडे म्हाताऱ्या कलाकाराचा मान राखण्याची एक ठरलेली रीत आहे. शाल, श्रीफळ, अमृतमहोत्सव, गौरवग्रंथ, दोन तासांची भाषणं. ज्येष्ठ कवीचा सत्कार होतो, पण त्याचा नवा संग्रह सभागृहातल्या किती जणांनी उघडलेला असतो? ज्येष्ठ गायक नवी बंदिश घेऊन बसला की मागून चिठ्ठी येते, ते जुनंच म्हणा. सत्कार करून आपण त्या माणसाला प्रेमानं सांगत असतो की तुमचं झालं, आता खुर्चीत बसा. आणि त्यानं तरीही काही केलंच, तर ते बरं की वाईट हे बघायचं नाही, फक्त केलं याचं नवल करायचं. हा आदर वाटतो, पण तो कान बंद करून केलेला आहे.

यात मीही आलो. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्नवर आले होते, तेव्हा चर्चगेटला उतरून मी धावत गेलो होतो. जॅगर तेव्हा साठीला टेकलेला. गर्दीत शेजारचा म्हणत होता, "बघून घे, परत काही येत नाहीत हे." आणि मी घसा फोडून जुनीच गाणी मागत होतो. त्यानंतर वीस वर्षांनी ते नवं लिहून बसलेत. चूक आमच्या अंदाजाची होती.

अल्बमचं शेवटचं गाणं मडी वॉटर्सचं आहे, १९५० चं, ज्यावरून बँडनं आपलं नाव घेतलं. एक गिटार, एक माउथऑर्गन, मिक आणि कीथ. बाकी कुणी नाही. १९६१ साली डार्टफर्ड स्टेशनच्या फलाटावर हे दोघं भेटले, तेव्हा मिकच्या काखेत मडी वॉटर्सची रेकॉर्ड होती. तिथेच येऊन थांबलेत. आवाज घासूनपुसून घेतलेला नाही. सगळा अल्बम असा असता तर!

माझा हिशेब असा: बारापैकी पाच गाणी परत परत ऐकेन, चार चालतील, तीन नसती तरी बिघडलं नसतं. हे मी पंचविशीतल्या बँडबद्दलही असंच लिहिलं असतं.

आणि हो, ती पेटी. त्या रात्री मी बसून नीट वाजवून पाहिली. म्हटलं, "बाबा, वरचा पंचम थोडा चढा वाटतोय." ते कुरकुरले, मग कान लावून ऐकलं, आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पेटी पुन्हा उघडली. रात्री साडेअकरा वाजता. आई माझ्यावर चिडली. बाबा मात्र खुशीत होते.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर सांगा. फक्त वय काढू नका.