पूर्ण ताट आणि ‘बाय-टू’

बंगळूर शहरातील उपाहारगृहांत ‘बाय-टू’ हा शब्द मागणीच्या भाषेत पूर्वीपासून रूढ आहे. दोघे जण येतात, एकच कॉफी मागवितात, आणि ती दोन पेल्यांत निम्मी निम्मी ओतून त्यांच्यापुढे ठेवली जाते. यात मागणाऱ्याला कमीपणा वाटत नाही आणि आणून देणाराही नाक मुरडत नाही. मुंबईचा ‘कटिंग’ चहा याच कुळातला. कॉफीपासून ही प्रथा सूपपर्यंत पोहोचली. तथापि डोसा, पुरीभाजी आणि भाताचे प्रकार यांच्या उंबरठ्याशी येऊन ती बहुधा थांबते. तेथे पदार्थ पूर्णच घ्यावा लागतो. ही सीमारेषा वरवर किरकोळ भासते. प्रौढांच्या वाढत्या वजनाचा विचार करणाऱ्याने मात्र तिच्याकडे लक्ष देणे अगत्याचे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ मधील चौथ्या फेरीत कर्नाटकातील प्रौढ स्त्रियांपैकी सुमारे २३ टक्के आणि पुरुषांपैकी २२ टक्के व्यक्तींचे वजन उंचीच्या मानाने अधिक आढळले होते. पाचव्या फेरीत हे प्रमाण दोहोंच्या बाबतीत ३० टक्क्यांच्या घरात गेले. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो शरीरभारांक मिळतो, तो २५ किंवा त्याहून अधिक असल्यास व्यक्ती या गणनेत येते. याच पाहणीत राज्यातील सहा स्त्रियांमागे सुमारे एक स्त्री अतिकृश निघाली, हेही विसरून चालणार नाही. पुढील विवेचनात त्याचा संबंध येणार आहे.

वजन वाढण्याची कारणे अनेक आहेत. बैठे काम, वाहनांचा वापर, अपुरी झोप आणि तळलेल्या व गोड पदार्थांची सुलभता यांची चर्चा वारंवार होते. समोर वाढलेल्या अन्नाच्या प्रमाणाची चर्चा त्यामानाने थोडी होते, कारण माणूस भुकेप्रमाणे खातो अशी सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत कितपत खरी आहे?

२००२ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात बार्बरा रोल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. ५१ प्रौढ स्त्रीपुरुषांना चार आठवडे, आठवड्यातून एकदा, दुपारच्या भोजनास चीज घातलेली मॅकरोनी दिली. पदार्थ तोच; प्रमाण मात्र दर वेळी निराळे : ५००, ६२५, ७५० आणि १००० ग्रॅम. हवे तेवढे खाण्याची व उरलेले ठेवून देण्याची मोकळीक होती. सर्वांत मोठे प्रमाण समोर आले, तेव्हा सर्वांत लहान प्रमाणाच्या तुलनेने सुमारे ३० टक्के अधिक ऊर्जा पोटात गेली. भोजनोत्तर तृप्तीची नोंद दोन्ही वेळी जवळजवळ सारखीच होती, आणि प्रमाणांत फरक होता हे निम्म्याहून अधिक लोकांच्या ध्यानातही आले नाही. २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने अशा अनेक प्रयोगांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध केले. मोठे वाढप, मोठे वेष्टन किंवा मोठे भांडे समोर असता माणूस अधिक खातो, असाच त्याचा निष्कर्ष निघाला. यांतील बहुतेक प्रयोग अल्पकाळाचे होते, हे मात्र नमूद केले पाहिजे. शिवाय लहान थाळीच्या चमत्काराविषयी कॉर्नेल विद्यापीठातील एका प्रयोगशाळेने केलेले जे दावे जगभर गाजले, त्या प्रयोगशाळेचे अनेक निबंध पुढे मागे घ्यावे लागले. तेव्हा केवळ थाळी बदलून वजन उतरेल अशी आशा कोणी बाळगू नये. थाळी लहान केली आणि वाढपी दोनदा आला, तर हिशेब पूर्वीचाच राहतो.

माणूस ग्रॅम मोजून खात नाही, तो नग मोजून खातो. एक डोसा म्हणजे एक डोसा. मग तो वीतभर असो की हातभर. गांधी बाजारातील १९४३ साली स्थापन झालेल्या ‘विद्यार्थी भवना’त एका हातावर डोशांच्या बशांची चळत तोलून आणणारे वाढपी पाहण्यासाठी परगावचे लोक मुद्दाम जातात. तेथे बसलेला गिऱ्हाईक डोसा संपेपर्यंत खातो. भूक शमेपर्यंत खातोच असे नाही. बहुतेकांना बालपणापासून पानात टाकू नये अशी शिकवण मिळालेली असते. ती योग्यच आहे. परंतु पानात किती पडावे हे दुसऱ्याने ठरवायचे आणि पान स्वच्छ करण्याचे कर्तव्य मात्र खाणाऱ्याचे, अशी वाटणी झाली की भुकेला मत उरत नाही.

हा जादा घास किती महाग पडतो? अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या केविन हॉल आदी संशोधकांनी २०११ साली एक गणित मांडले. सर्वसाधारण प्रौढाच्या रोजच्या आहारात सुमारे २४ किलोकॅलरींची कायमची वाढ झाली, तर त्याचे वजन अखेरीस सुमारे एक किलोग्रॅमने वाढते. त्यातील निम्मी वाढ साधारण वर्षभरात आणि जवळजवळ सर्व वाढ तीन वर्षांत होते. पाच ग्रॅमचा एक चमचा तूप म्हणजे ४५ किलोकॅलरी. डोशावर रोज जादा पडणारा तेवढा एकच चमचा तीन वर्षांत दोन किलोंच्या जवळपास जाऊन पोहोचतो. मेजवानीच्या एका दिवसाने माणूस लठ्ठ होत नाही. लक्षातही न येणाऱ्या नित्याच्या चमच्याने होतो.

भारतीय शरीराच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावयास हवे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचाही शरीरभारांक २२.३ इतकाच, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा एकच बोलतो आणि आतली गोष्ट निराळी असते. भारतीयाला मधुमेहाचा धोका कमी वजनावरही संभवतो, म्हणून दोन-तीन किलोंची वाढ क्षुल्लक मानून चालत नाही.

आता उपाहारगृहाच्या मालकाची बाजू पाहू. १९८० नंतरच्या दशकात जयनगरातून ‘दर्शिनी’ पद्धतीची उपाहारगृहे पसरली : उभ्याने खावे, आपले आपण घ्यावे, थोडक्या पैशांत बाहेर पडावे. या पद्धतीत इडली-वडा सुटा, नगावर मिळतो, आणि ही तिची मोठी सोय आहे. डोशाचे व भाताचे तसे नाही. जागेचे भाडे, गॅस, स्वयंपाक्याची मजुरी आणि भांडी घासणाऱ्याचा वेळ हे सर्व अर्ध्या पदार्थालाही जवळपास पूर्णच लागतात. केवळ तांदूळ, उडीद व तेल यांचा खर्च अर्धा होतो. म्हणून पदार्थ मोठा करून थोडे अधिक दाम घेणे मालकाला परवडते, आणि गिऱ्हाइकालाही तो फायदा वाटतो. या व्यवहारात कोणाची लबाडी नाही. मात्र नको असलेला अर्धा भाग स्वस्तात पडला म्हणून घेतला जातो.

यावर सरकारने प्रमाण ठरवून द्यावे काय? २०१७ साली केंद्रीय अन्नमंत्र्यांनी तसा विचार बोलून दाखविला होता. पुढे तसा कायदा झाला नाही, आणि ते बरेच झाले. ज्या बंगळुरात काहींचे ताट जास्त भरते, त्याच बंगळुरात बांधकामावर राबणाऱ्या मजुराचे दिवसाचे एकच जेवण भरपूर असणे गरजेचे आहे. कष्टकऱ्यांच्या पोटासाठीच तेथे २०१७ च्या ऑगस्टमध्ये इंदिरा कॅन्टीन सुरू झाली. पाच रुपयांत न्याहारी आणि दहा रुपयांत जेवण हा तिचा आरंभीचा दर होता. त्या ताटातून एक घासही उणा करणे अन्यायाचे ठरेल. सर्वांना एकच माप लावणारा कायदा अतिकृश स्त्रीलाही लागू होतो, हे तो करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही.

दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांनी पदार्थांसमोर किलोकॅलरी छापाव्यात, असा नियम केला गेला आहे. तो चांगला आहे, परंतु अपुरा आहे. कोपऱ्यावरच्या दर्शिनीला तो लागू नाही. आणि लागू असता तरी पदार्थात ऊर्जा किती आहे हे कळूनही तो निम्मा मागता येत नसेल, तर त्या ज्ञानाचा उपयोग काय? उलट ‘अर्धा’ हा शब्द दरपत्रकावर आला, तर आकडे न वाचणारालाही निवड करता येईल. अर्ध्या डोशाची किंमत निम्मी ठेवणे मालकाला परवडणार नाही, हे वरच्या हिशेबावरून स्पष्टच आहे. ती पूर्ण किंमतीच्या साठ-पासष्ट टक्के असावी, आणि गिऱ्हाइकाने ती कुरकुर न करता द्यावी. कॉफीच्या दोन अर्ध्या पेल्यांनी ज्या शहरातील उपाहारगृहांचे दिवाळे वाजले नाही, त्या शहरात हा प्रयोग प्रथम करून पाहण्यास हरकत नसावी.